टेबल कुठे, उजेड कुठून: डिझाइनच्या स्टुडिओविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही आर्किटेक्चर, इंटिरिअर, फॅशन आणि उपयोजित कला शिकणाऱ्यांच्या स्टुडिओविषयी प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी अशा भागांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मापं बहुतेक मिलिमीटरमध्ये दिली आहेत. सुतार फुटात बोलला तरी फॅब्रिकेटर पाइप मिलिमीटरमध्येच कापतो, आणि दोघांच्या मधल्या हिशेबातच टेबल वाकडं होतं.

आमच्याकडे इंटिरिअर डिझाइनच्या डिप्लोमाला ४० × २५ फुटांचा हॉल मिळाला आहे. मुलं ३०. सध्या शाळेसारखी बाकं फळ्याकडे तोंड करून मांडलीत. नवी टेबलं करायची आहेत. ओळी ठेवाव्यात की गट करावेत? प्लाय किती लागेल? (अध्यापक, बेळगाव)

ओळी मोडा. आधी कारण सांगतो, कारण व्यवस्थापनाला तेच पटवून द्यावं लागेल.

स्टुडिओत शिकवणं म्हणजे फळ्यावरचं व्याख्यान नव्हे. शिक्षक टेबलापाशी येतो, मुलाच्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर टाकतो आणि पेन्सिल चालवत बोलतो. याला एका मुलामागे दहा मिनिटं धरा. तीस मुलांना ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. तीन तासांच्या वर्गात एक शिक्षक अठरा जणांपर्यंत पोचेल, तेही पाणी न पिता. उरलेल्या बारा जणांनी शिकायचं कसं? शेजाऱ्याला सांगितलेलं ऐकून. म्हणून एकाला दिलेली दुरुस्ती निदान चौघांच्या कानावर आणि डोळ्यांवर पडली पाहिजे. ओळीत समोरच्याची पाठ दिसते, त्याचं ड्रॉइंग दिसत नाही. शिवाय बाकाच्या आतल्या टोकाला बसलेल्यापर्यंत शिक्षकाला पोचता येत नाही. तो लांबूनच ‘दाखव’ म्हणतो, मुलगा शीट उचलून धरतो, आणि उचललेल्या शीटवर कुणी पेन्सिल चालवत नाही.

आता मांडणी. टेबलाचा वरचा तक्ता १२०० × ८०० ठेवा. ए-१ शीट ८४१ × ५९४ असते. ती ठेवल्यावर बाजूला साधारण ३५० मिमी पट्टी हत्यारांना उरते आणि समोर २०० मिमी. ८ × ४ फुटांच्या प्लायमधून, म्हणजे २४४० × १२२० मधून, करवतीची जाडी धरूनही असे तीन तक्ते बसतात. तीस टेबलांना दहा प्लाय. तक्ता १२०० × ९०० केला तर एका प्लायमधून दोनच निघतात आणि दहाचे पंधरा प्लाय होतात, हे ऑर्डर देण्याआधी ध्यानात घ्या.

तुमचा हॉल मीटरमध्ये १२.२ × ७.६. टेबलं समोरासमोर जोडा. एका लांब भिंतीला टेकून सहा टेबलांचा गट (३६०० × १६००), समोरच्या लांब भिंतीला टेकून चार टेबलांचा (२४०० × १६००). मध्ये १६०० मिमी वाट राहते. अशा तीन रांगा केल्या की तीस जागा झाल्या. दोन रांगांच्या मध्ये १५०० मिमी सोडा. पाठीला पाठ लावून दोघं बसले असताना मधून तिसरा आडवा होऊन जाऊ शकतो. १२०० वर आणलंत तर भिंतीकडचा मुलगा एकदा आत गेला की जेवणापर्यंत उठत नाही, आणि शिक्षकही तिथं जायचं टाळतो. मागच्या भिंतीपासून १००० मिमी मोकळं ठेवा. एकूण ८.८ मीटर झाले, पुढच्या बाजूला ३.४ मीटर उरले.

ही उरलेली जागा भरू नका. कपाटं तिथंच आणायचा मोह होईल. तिथं एक अख्खा प्लाय न कापता, २४४० × १२२० चा, ९०० उंचीचा सामाईक टेबल करा. कटिंग, मोठं मॉडेल, उभ्यानं चर्चा त्यावर होईल. खाली ७५ मिमीची ब्रेकवाली चाकं लावा. पुढच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड, म्हणजे पिना टोचता येणारा मऊ फळा. दार सोडून सहा मीटर लांबी मिळाली तर प्रत्येकी दोन उभ्या ए-१ शीट धरून पाच जणांचं काम एका वेळी लागतं. म्हणजे तीस जणांची जुरी (काम लावून परीक्षकांसमोर मांडणं) सहा फेऱ्यांत. जुरीच्या दिवशी टेबल मागे ढकला, बघणाऱ्याला बोर्डापासून दोन मीटर तरी मागे उभं राहता आलं पाहिजे.

टेबलाची उंची किती? फॅब्रिकेटर म्हणतो, ‘डायनिंगची ठेवतो, चालतंय की.’ (फर्निचर करून देणारे वाचक, चिकोडी)

डायनिंगची उंची म्हणजे ७५० मिमी. दिवसभर लॅपटॉपवर काम असेल, ४३० ते ४५० उंचीची पाठवाली खुर्ची असेल, तर ती बरोबर आहे. हातानं ड्रॉइंग आणि मॉडेल करणाऱ्याला ती कमी पडते. उभं राहिलं की वाकावं लागतं, आणि स्टीलची पट्टी धरून फोमबोर्ड कापताना माणूस उभाच राहतो. आमचं मत: पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ९०० मिमी आणि स्टूल, पुढच्या वर्षांना ७५० आणि खुर्ची. ९०० चा आणखी एक फायदा असा, की शेजारी उभ्या राहिलेल्या शिक्षकाला फारसं वाकावं लागत नाही, आणि स्टुलावर बसलेल्याची नजर त्याच्या नजरेच्या बरीच जवळ येते.

स्टुलाची बैठक तक्त्यापेक्षा २५० ते ३०० मिमी खाली, म्हणजे ६०० ते ६५०. पण पाच फुटांच्या आतल्या मुलीचे पाय इतक्या उंचीवर लोंबतात, मांडीखाली कड रुतते आणि तासाभरात पाय बधिर होतात. त्यासाठी जमिनीपासून सुमारे २४० मिमीवर पाय ठेवायला आडवा पाइप हवाच. नुसता चौकट जोडायचा पाइप १०० मिमीवर दिला तर तो पायाच्या कामाचा नाही. तीन-चार तास बसायचं असल्यानं कमरेपुरती का होईना पाठ द्या.

सांगाडा ३८ × ३८ चौकोनी पाइपचा, १६ गेजचा. १८ गेजचा पत्रा पातळ असतो, त्यात पैसे वाचतात, पण खोडरबर फिरवला तरी टेबल हलतं, आणि हलणारं टेबल शेजाऱ्याची रेघही हलवतं. समोरासमोरची टेबलं बोल्टनं जोडू नका, नुसती एकमेकांना टेकवून ठेवा. पायांना लेव्हलिंग स्क्रू लावा, कारण जुन्या फरशीला पाण्याचा उतार असतो.

तक्ता १९ मिमीचा, वर मॅट सनमाइका. चकचकीत सनमाइकावर ट्यूबचं प्रतिबिंब पडतं आणि ट्रेसिंगमधलं काही दिसत नाही. खालच्या बाजूलाही स्वस्तातलं बॅकिंग लॅमिनेट लावाच. एकाच बाजूला सनमाइका लावला की उघडी बाजू पावसाळ्यात ओल घेते, फुगते आणि तक्त्याच्या कडा वर उचलल्या जातात. मग सेटस्क्वेअर बसत नाही आणि मुलाला वाटतं आपला हात खराब आहे. कडा २ मिमी पीव्हीसी पट्टीनं बंद करा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता) घेऊ नका. एकदा पाण्याचा डबा सांडला की कड पावासारखी फुगते.

उत्तरेकडच्या खिडक्या सर्वांत चांगल्या असं शिकलो. आमच्या स्टुडिओला उत्तरेच्याच खिडक्या आहेत, तरी एप्रिल-मेमध्ये सकाळी शीटवर ऊन येतं. काय चुकलं? (विद्यार्थिनी, आर्किटेक्चर, बेळगाव)

काही चुकलं नाही, पुस्तक थंड देशातलं आहे. बेळगाव जवळपास १५ अंश ५० कला उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन शिरतं. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत तर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, जूनअखेरीस साडेसात अंशांच्या आसपास. दुपारचं ऊन छोट्या छज्जानं अडतं. सकाळचं तिरपं ऊन छज्जानं अडत नाही, त्याला खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या लागतात. ४५० मिमी बाहेर येणारी फळी बरंच काम करते. भाड्याच्या इमारतीत तेवढं जमत नसेल तर आतून पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा लावा. उजेड पसरतो, ऊन थांबतं. जूनपासून ढग हे काम फुकट करतात, पण मग उजेडच कमी पडतो.

उजेड कमी म्हणजे किती? टेबलावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात आणि दिव्यातून निघणारा ल्युमेनमध्ये. सर्वसाधारण कामाला ३०० लक्स आणि बारीक ड्रॉइंगला ५०० ते ७५० लक्स धरतात. वर दिलेल्या ९३ चौरस मीटरच्या हॉलला छतावरूनच ५०० लक्स द्यायचे तर २० वॅटच्या, सुमारे २००० ल्युमेनच्या जवळपास पन्नास एलईडी ट्यूब लागतील. हा वेडेपणा आहे. तीस ट्यूब लावून ३०० लक्स मिळवा आणि प्रत्येक टेबलाला वाकणारा दिवा द्या. ट्यूब टेबलाच्या अगदी डोक्यावर नको, वाटेच्या रेषेत लावा. डोक्याची सावली शीटवर पडणार नाही.

समोरासमोर बसवलं की निम्म्यांना खिडकी डावीकडे येते, निम्म्यांना उजवीकडे. उजव्या हातानं काढणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी पेन्सिलीच्या टोकावर पडते. डावखुरे आधी विचारून घ्या आणि खिडकी उजवीकडे येणाऱ्या जागा त्यांना द्या. त्या बाजूच्या बाकीच्यांनी दिवा डावीकडे लावायचा.

मी फॅशन डिझाइन शिकते, घरी माग आहे. वर्गात जुळवलेला धाग्याचा रंग घरी अंगणात वेगळाच दिसतो. (विद्यार्थिनी, वडगाव)

दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे धागे एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. स्वस्त एलईडीत लाल छटा नीट दिसत नाहीत, त्यामुळे मरून आणि तपकिरी एकमेकांजवळ सरकतात. रंग बघायच्या एका टेबलावर तरी ९० च्या वर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेला, ५००० ते ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा लावायला सांगा. हा आकडा डब्यावर छापलेला असतो. त्या टेबलाचा तक्ता आणि मागची भिंत फिकट राखाडी हवी. पोपटी भिंतीजवळ कुठलाही रंग खरा दिसत नाही. आणि नमुना मंजूर करण्याआधी एकदा दारात नेऊन बघाच, साडी शेवटी नेसली जाणार उन्हातच.

जुलैत आमच्या सॉफ्टबोर्डला बुरशी येते, शीट वाकड्या होतात, पिना गंजतात. दरवर्षी कापड बदलतो. (प्रयोगशाळा सहायक, खानापूर)

खानापूरच्या पावसात कापड बदलून काही होणार नाही. तुमचा बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर असणार. वाऱ्याबरोबर पाऊस त्याच बाजूनं येतो, भिंत बाहेरून ओली होते आणि बोर्ड आतून ओल पितो. सर्वांत सोपं म्हणजे बोर्ड आतल्या पार्टिशनच्या भिंतीवर न्या. तेवढी भिंत नसेल तर पुढच्या क्रमानं करा.

मार्च-एप्रिलमध्ये बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा भरून घ्या आणि भिंत पूर्ण वाळू द्या. ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर ओल खाली सरकून दुसरीकडे फुटते. मग वाळवीचं औषध पाजलेल्या २५ × २५ लाकडी पट्ट्या उभ्या ठोका, मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी अंतरानं. ६०० वर ठोकल्या तर १२ मिमीचा सॉफ्टबोर्ड मध्ये पोट काढतो. पट्ट्या उभ्याच हव्यात आणि बोर्डाची वरची-खालची कड उघडी ठेवा, म्हणजे मागून हवा वर चढते. सुतार सवयीनं चारही बाजूंनी बीडिंगची (कडेची) पट्टी मारून ती बंद करतो. समोर उभं राहून अडवा. बोर्डाचा खालचा काठ जमिनीपासून ७५०, वरचा १९५०. शीटचा मध्य नजरेच्या रेषेजवळ येतो आणि झाडू-फडक्याचं पाणी लागत नाही. बुरशी आलेला जुना बोर्ड पुसून परत लावू नका, ती आतपर्यंत गेलेली असते.

पावसाळ्यापुरता दुसरा उपाय: ०.८ मिमीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा पट्ट्यांवर ठोकून फिकट रंग द्या आणि छोटे निओडिमियम चुंबक वापरा. एका ए-१ ला सहा लागतात. चुंबक हरवतात, त्याला इलाज नाही.

शीट वाकडी होण्याचं कारण वेगळं. कागद दमट हवेत पसरतो. सकाळी दमटपणात चारी कोपरे टेपनं ताणून लावले आणि दुपारी पंखा सुरू झाला की तो आकसतो, कोपऱ्यातून फाटतो किंवा मध्ये लाट धरतो. शीट तासभर बोर्डावर मोकळी पडू द्या, मग चिकटवा.

आमच्या वर्गात मराठी मुलं एका कोपऱ्यात, कन्नड मुलं दुसऱ्या कोपऱ्यात बसतात. भांडण काही नाही, पण एकमेकांचं काम कुणी बघत नाही. टेबलं हलवून काही फरक पडेल का? (शिक्षिका, निपाणी)

पडेल, पण नुसत्या रोल नंबरनं बसवून नाही. तसं केलं की मधल्या सुट्टीत सगळे आपापल्या कोपऱ्यात परत जातात.

ज्या वस्तू सगळ्यांना लागतात त्या एकाच ठिकाणी ठेवा: मोठी कटिंग मॅट, स्टीलची मीटरपट्टी, हॉट वायर कटर (तापलेल्या तारेनं फोम कापायचं यंत्र), प्रिंटर, मटेरिअलच्या नमुन्यांचा रॅक. पाण्याचा माठसुद्धा. हे सगळं पुढच्या सामाईक टेबलाजवळ आलं की तिथं उभं राहावंच लागतं आणि समोरचं मॉडेल दिसतंच. प्रत्येकाला स्वतःची मॅट आणि पट्टी दिली तर ही भेट होत नाही.

दुसरं, जागा प्रत्येक प्रोजेक्टनंतर बदला, दर आठवड्याला नको. साधारण सहा आठवडे एकाच टेबलावर काम राहिलं की मूल अर्धवट मॉडेल तिथंच सोडून जातं, भिंतीला आपलं रेखाटन लावतं, आणि शेजारी ते येता-जाता बघतो. रोज जागा बदलणाऱ्या वर्गात सगळं काम दप्तरात राहतं. चार जणांच्या गटात दोन-दोन ठेवा, एकट्याला तिघांमध्ये टाकू नका. जुरीत मुलाला आपल्या भाषेत बोलू द्या आणि बोट ड्रॉइंगवर ठेवायला लावा. जिना कुठं चुकला हे बोटानं दोन्ही भाषांत कळतं.

वर्गात गोंगाट फार, आणि विजेचा बोर्ड सारखा ट्रिप होतो. (संस्थेचे कार्यालयीन कर्मचारी, हुक्केरी)

ट्रिपचं आधी. डिझाइनच्या लॅपटॉपला सरासरी १०० वॅट धरा. तीस लॅपटॉप म्हणजे ३००० वॅट, २३० व्होल्टवर १३ अँपिअर. एकाच सर्किटवर हे, वर ग्लू गन आणि प्रिंटर, तर ट्रिप होणारच. एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारी कळ) मोठी टाकून प्रश्न सोडवू नका, तसं केलं की वायर तापते. दहा-दहा जागांची तीन सर्किटं, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारी कळ), आणि दिवे-पंखे वेगळे. टेबलांचे गट भिंतीला टेकलेले असले तर वायर भिंतीतून थेट तक्त्याखालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये जाते, वाटेत एकही आडवी येत नाही. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडणं बंद करा.

गोंगाटाला दोन कारणं असतात. स्टुलाच्या पायांना रबरी बूट नसणं हे पहिलं, आणि ते दोन दिवसांत सुटतं. दुसरं म्हणजे स्लॅब, फरशी आणि काच यांवरून आवाज परतणं. ४० × २५ फुटांच्या आणि ३.४ मीटर उंचीच्या हॉलचं घनफळ ३१५ घनमीटर. आवाज ०.८ सेकंदात विरायचा असेल तर सुमारे ६३ चौरस मीटर इतकं शोषण लागतं. मुलं, सॉफ्टबोर्ड आणि बाकी सामान मिळून त्याच्या निम्मंही देत नाहीत. छताला ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) कापडात गुंडाळून साधारण ३० चौरस मीटर लावलं की बोलणं स्वच्छ ऐकू येतं. थर्माकोल लावू नका, तो आवाज शोषत नाही आणि पेटतो.

मॉडेल ठेवायला जागा नाही, मुलं घरी नेतात आणि बसमध्ये मोडतात. (पालक, संकेश्वर)

भिंतीपासून १०० मिमी सोडून लोखंडी अँगलचा रॅक: खोली ६००, दोन फळ्यांमध्ये ४००, वरची फळी १८०० च्या वर नको. एका मुलाला ६०० रुंदी द्या. काच किंवा दार लावू नका, उघडं मॉडेल इतर वर्षांची मुलंही बघतात. प्रोजेक्ट संपल्यावर पंधरा दिवसांनी रॅक रिकामा करायचा नियम भिंतीवर लिहा, नाहीतर तीन वर्षांत तिथं गोदाम होतं.

घर एका खोलीचं आहे, टेबल मावत नाही. जमिनीवर बसून ए-१ शीट काढते, पाठ दुखते. (विद्यार्थिनी, अथणी)

जमिनीवर बसणं वाईट नाही, सपाट जमिनीवर वाकणं वाईट. १००० × ७०० चा ड्रॉइंग बोर्ड घ्या. पुढची कड जमिनीपासून २५० मिमी आणि मागची ४२० मिमी उचला, म्हणजे सुमारे १४ अंशांचा उतार येतो. पुढे विटांचे थर आणि मागे लाकडी खोकं चालतं, फक्त मांडीला जागा राहिली पाहिजे. स्वतः ७५ ते १०० मिमीच्या पाटावर बसा. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पाठ आपोआप सरळ होते. शीटच्या वरच्या भागापर्यंत हात पोचायला पुढे झुकू नका, टेप काढून शीट खाली सरकवा, खालचा भाग बोर्डाच्या कडेवरून लोंबू द्या. दिवा डावीकडे, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. अर्ध्या तासानं उठा.

काम झाल्यावर बोर्ड भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नका, महिन्याभरात त्याला बाक येतो. खाटेखाली आडवा सरकवा, खाली वर्तमानपत्र घाला.